निर्जंतुक या शब्दाची किंमत मोजलेला शास्त्रज्ञ

शहाड, आंबिवली किंवा टिटवाळ्याच्या बाजूचा रुग्ण मोठ्या आजारासाठी मुंबईला निघाला, की त्याची वाट बहुधा परळला जाते. कल्याणला गाडी बदलायची, दादर किंवा परळला उतरायचे आणि कागदांची पिशवी सांभाळत केईएम, टाटा किंवा वाडियाच्या रांगेत उभे राहायचे. या रुग्णालयांपासून जवळच, आचार्य दोंदे मार्गावर, झाडांच्या आड एक जुनी प्रशस्त वास्तू आहे. तिला हाफकिन यांचे नाव आहे. सर्पदंशावरचे औषध आणि पोलिओचे थेंब यांमुळे हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोहोचले. हे कोणा माणसाचे नाव आहे, तो कुठून आला, आणि ज्या मुंबईसाठी तो राबला त्या मुंबईला त्याला बदनामीचे ओझे घेऊन का सोडावे लागले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांच्या आयुष्याला एका बाटलीमुळे कलाटणी मिळाली. ती बाटली निर्जंतुक होती की नव्हती, या एका प्रश्नावर एका शास्त्रज्ञाची अब्रू चार-पाच वर्षे टांगणीला लागली होती. म्हणून त्यांची गोष्ट सांगण्याआधी हा शब्द नीट समजून घ्यायला हवा.

स्वच्छ, सोवळे आणि निर्जंतुक

निर्जंतुक हा शब्द आपण फार सैल वापरतो. फरशी जंतुनाशकाने पुसली की ती निर्जंतुक झाली असे म्हणतो, हाताला सॅनिटायझर चोळले की हात निर्जंतुक झाले असे समजतो. शब्दाची फोड सोपी आहे. निर् म्हणजे नसणे आणि जंतू म्हणजे जीव. संस्कृतात जंतू हा कोणत्याही जन्मलेल्या प्राण्याला लावता येणारा शब्द. पोटातल्या कृमींना आपण जंत म्हणतो, तो याच घराण्यातला. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रोगकारक जीवांसाठी हाच शब्द रूढ झाला आणि निर्जंतुक म्हणजे ज्यात एकही जिवंत सूक्ष्मजीव उरलेला नाही ते, असा त्याचा वैद्यकीय अर्थ ठरला.

या अर्थात कमी-जास्त काही नसते. भांडे थोडे स्वच्छ किंवा जास्त स्वच्छ असू शकते. थोडे निर्जंतुक असे काही नसते. सोवळ्याचा संबंध श्रद्धेशी आणि रीतीशी, स्वच्छतेचा संबंध डोळ्यांना दिसणाऱ्या मळाशी. निर्जंतुक असणे डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. ते कृतीच्या प्रत्येक पायरीवर सांभाळावे लागते आणि एका पायरीवर हात चुकला तरी मोडते.

आणखी एक फरक महत्त्वाचा. जंतुनाशक हे साधन आहे, निर्जंतुक ही अवस्था आहे. कार्बोलिक आम्ल, स्पिरिट, आयोडीन ही जंतुनाशके आहेत. ती बऱ्याच जंतूंना मारतात, काहींची वाढ रोखतात आणि काहींपुढे हरतात. त्यांच्यापुढे न झुकणाऱ्यांत धनुर्वाताच्या जंतूचा क्रमांक वर आहे. प्रतिकूल परिस्थितीत हा जंतू स्वतःभोवती टणक कवच तयार करतो. त्या रूपाला बीजाणू म्हणतात. माती, शेण, रस्त्यावरची धूळ यांत हे बीजाणू वर्षानुवर्षे पडून राहतात. साध्या उकळण्यानेही ते सगळे मरतील याची खात्री नसते. त्यांच्यासाठी दाबाखालची वाफ लागते. हाफकिन यांच्या कथेत पुढे हेच बीजाणू येतात.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरात, एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ हे गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून देणारे आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते हेच मेचनिकॉफ. हाफकिन यांचा विषय प्राणिशास्त्र. म्हणजे पुढे ज्यांनी लाखो लोकांना लस टोचण्याची व्यवस्था उभी केली, ते शिक्षणाने डॉक्टर नव्हते. भारतातील ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मनात ही गोष्ट शेवटपर्यंत खुपत राहिली.

तो काळ रशियातील ज्यूंसाठी कठीण होता. १८८१ मध्ये ओडेसात ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा तरुण हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या गटात होते. त्यांना दुखापत झाली, अटकही झाली आणि मेचनिकॉफ यांच्या खटपटीने ते सुटले. पुढे विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अट समोर आली. ती त्यांनी मानली नाही. प्राणिशास्त्र संग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडा काळ काढून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती, ग्रंथालयात होती. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकांची व्यवस्था आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

पाश्चर यांच्या संस्थेत निर्जंतुकीकरण हा रोजच्या कामाचा पाया होता. दाबाखालच्या वाफेचे यंत्र, ज्याला आज आपण ऑटोक्लेव्ह म्हणतो, ते पाश्चर यांचे सहकारी चार्ल्स शांबरलाँ यांनी १८७९ मध्ये तयार केले होते. काचेची नळी आधी वाफेत पूर्ण निर्जंतुक करायची, तिचे तोंड ज्योतीवरून फिरवायचे, हव्या त्या जंतूचा एकच ठिपका आत सोडायचा आणि दुसरे काहीही आत शिरू द्यायचे नाही, ही शिस्त हाफकिन यांच्या अंगात तिथेच भिनली.

१८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै रोजी ती पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, थोड्या दिवसांत सगळे ठीक झाले. नंतर काही मित्रांनीही ती घेतली. लस माणसाला झेपते हे कळले होते. ती रोग रोखते का, हे मात्र जिथे कॉलरा आहे तिथेच कळणार होते. म्हणून १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला आले.

पुढची दोन-अडीच वर्षे त्यांनी उत्तर भारत पायाखाली घातला. आग्र्यापासून आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत सुमारे ४२,००० लोकांना लस दिली. सक्ती केली नाही. कुठे लोकांनी दगड मारले, कुठे स्वतःहून रांगा लावल्या. एकाच वस्तीतल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या माणसांची बाजूबाजूला नोंद ठेवण्याचा त्यांचा आग्रह होता. आपली लस चांगली आहे असे नुसते सांगणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. या धावपळीत हिवतापाने त्यांना ग्रासले आणि १८९५ मध्ये उपचारासाठी युरोपला परतावे लागले. प्रकृती पुरती सावरली नसतानाच ते १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले.

मुंबईची मरी

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ व्हिएगस यांना वेगळेच रुग्ण दिसू लागले. जोराचा ताप, जांघेत किंवा काखेत गाठ आणि काही दिवसांत मृत्यू. हा गाठीचा प्लेग आहे हे त्यांनी ओळखले. शहरात घबराट पसरली आणि लाखो लोक मुंबई सोडून निघाले. त्यांची वाट रेल्वेची होती. कल्याणला रूळ फुटतात. एक फाटा शहाडवरून कसारा घाटाकडे आणि पुढे नाशिकला, दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे आणि पुण्याला. माणसे आणि सामान या वाटांनी गेले आणि प्लेगही त्यांच्या मागोमाग गेला. स्थानकांवर प्रवाशांच्या तपासण्या सुरू झाल्या. त्या वेळी उंदीर आणि पिसवांचा या रोगाशी असलेला संबंध पुरता उलगडलेला नव्हता.

महाराष्ट्राच्या आठवणीत या साथीच्या जखमा अजून आहेत. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेल्या. पुण्यात घरोघरी शिरून केलेल्या तपासण्यांचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीपर्यंत पोहोचला. सरकारकडे विलगीकरण, घरे रिकामी करणे, सामान जाळणे आणि कार्बोलिकचे फवारे यांपलीकडे उपाय नव्हता.

या परिस्थितीत सरकारने हाफकिन यांना मुंबईला पाठवले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि ओसरीचा भाग मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ती करण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी अशी आहे. मांसाच्या निर्जंतुक रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे आणि वर थोडे तूप सोडायचे. तुपाचे थेंब पृष्ठभागावर तरंगतात आणि त्यांना धरून जंतूंच्या वसाहती झुंबरासारख्या खाली लोंबत वाढतात. मग बाटली हलवायची. त्या वसाहती तुटून तळाशी बसतात आणि वर नव्या धरतात. काही आठवडे असे केले की भरपूर जंतू जमतात. नंतर सुमारे ६५ ते ७० अंश सेल्सिअस तापमानाला तासभर ठेवून त्यांना मारायचे आणि थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. मेलेल्या जंतूंची ही लस शरीराला खऱ्या शत्रूची ओळख करून देते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली आणि मात्रा मुद्दाम मोठी, १० घन सेंटिमीटरची घेतली. जोराचा ताप आला, पण काम थांबले नाही. महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि लस घेतलेल्यांमध्ये रोग कमी आढळला. सर्वांत बोलकी नोंद बडोद्याजवळच्या उंढेरा गावातली आहे. तिथे १८९८ मध्ये प्लेग सुरू असतानाच एकेका कुटुंबातील काहींना लस दिली आणि काहींना दिली नाही. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३.

लोकांचा विश्वास हळूहळू बसू लागला. तरुण आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही वास्तू दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे मुख्य संचालक झाले. या वास्तूत पूर्वी मुंबईचे गव्हर्नर राहत. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा कॉलऱ्याने मृत्यू झाला आणि पुढे गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार हिलला गेले. ज्या घराला साथीने ग्रासले त्याच घरात आता साथीवरची लस तयार होऊ लागली.

मुल्कोवाल

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग भडकला. तिथल्या सरकारने फार मोठ्या प्रमाणावर लसीकरण करायचे ठरवले आणि परळकडे लाखो मात्रांची मागणी आली. पुरवठा वाढवण्यासाठी हाफकिन यांनी कृतीत बदल केला. रश्श्याऐवजी वेगळे माध्यम वापरले आणि शेवटी घालायचे कार्बोलिक आम्ल वगळले. पाश्चर यांच्या पठडीत हे नवीन नव्हते. जंतू उष्णतेने मेले आहेत, बाटली आधीपासून निर्जंतुक आहे, बाहेरचे काही आत जाऊ दिलेले नाही, मग जंतुनाशकाची गरज राहत नाही, असा तो विचार.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी अनेक बाटल्या फोडल्या गेल्या. त्यांतली एक होती क्रमांक ५३-एन. तिच्यातून १९ जणांना लस मिळाली. काही दिवसांत या एकोणीस जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात झालेला रुग्ण शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. स्नायू आकडतात, पाठ धनुष्यासारखी वाकते आणि दार वाजले तरी झटका येतो. एकोणीसच्या एकोणीस मरण पावले. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

प्लेगपासून वाचण्यासाठी विश्वासाने दंड पुढे केलेली ही माणसे होती. पुढच्या सगळ्या वादात शास्त्रज्ञ, आयोग, सरकार यांची नावे पुन्हा पुन्हा येतात. या एकोणीस जणांची क्वचितच येतात. निर्जंतुक या शब्दाचा सगळ्यांत मोठा मोबदला त्यांनी दिला, हे आधी नोंदवायला हवे.

आयोगाचा ठपका

सरकारने मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आयोगाने निष्कर्ष काढला, की धनुर्वाताचे जंतू मुल्कोवालला बाटली उघडण्यापूर्वीच तिच्यात होते. म्हणजे दोष परळच्या प्रयोगशाळेचा. कार्बोलिक आम्ल वगळणे ही आयोगाच्या मते गंभीर चूक होती. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते भारत सोडून गेले. ते डॉक्टर नव्हते, रशियन होते, ज्यू होते. सैन्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या भारतातील वर्तुळात त्यांच्या बाजूने बोलणारे फार नव्हते. फ्रान्समध्ये ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफस यांना खोट्या आरोपात गोवल्याचे प्रकरण तेव्हा ताजे होते आणि हाफकिन यांच्या प्रकरणाची तुलना पुढे अनेकांनी त्याच्याशी केली.

चौकशीत एक वेगळी माहितीही पुढे आली होती. ५३-एन ही बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो जंतुनाशक द्रावणात बुचकळून काढला आणि त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढले. बाटलीचे तोंड आणि चिमटा ज्योतीवर धरून निर्जंतुक करावा, ही पद्धत पाळली गेली नव्हती. खेड्यातली जमीन म्हणजे माती आणि शेण, आणि तिथे धनुर्वाताच्या बीजाणूंचे घर. द्रावणात क्षणभर बुडवल्याने ते मरत नाहीत. आयोगाने मात्र या घटनेला महत्त्व दिले नाही.

हाफकिन यांच्या बाजूने जे मुद्दे मांडले गेले ते आजच्या वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही समजतील. बाटली परळहून भरून निघाली त्याला काही आठवडे उलटले होते. धनुर्वाताचा जंतू बंद बाटलीत, प्राणवायू नसताना, जोमाने वाढतो आणि त्याला उग्र दुर्गंधी येते. परळलाच तो आत गेला असता तर बाटली उघडताक्षणी घाण वास आला असता. लस टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास जाणवला नव्हता. शिवाय आठवडे साठलेले विष एकदम शरीरात गेले असते तर लक्षणे अधिक लवकर दिसली असती. आणि कार्बोलिक आम्लाचा जो बचाव म्हणून गवगवा झाला, तो फसवा होता. लसीत घातले जाते तितक्या कमी प्रमाणात ते धनुर्वाताच्या बीजाणूंना मारू शकत नाही.

इथे दोन पिढ्यांचा विचार समोरासमोर उभा होता. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाने शस्त्रक्रियेचे जग बदलले. जखमेत जंतू जातातच, त्यांना रसायनाने मारू या, हा तो विचार. त्याने असंख्य जीव वाचले. त्यानंतरच्या पिढीने पुढचे पाऊल टाकले. जंतू आत जाऊच देऊ नयेत, प्रत्येक वस्तू आधीच वाफेने निर्जंतुक करावी आणि तशीच सांभाळावी. आयोग जंतुनाशकाच्या भाषेत विचार करत होता, हाफकिन निर्जंतुकतेच्या भाषेत. पण हाफकिन यांच्या मार्गातही एक धोका होता आणि तो मुल्कोवालने दाखवून दिला. ही साखळी प्रयोगशाळेच्या दारात संपत नाही. बाटली शेकडो मैलांवर, धुळीच्या गावात, घाईत असलेल्या माणसाच्या हाती उघडली जाते. त्या हाताला ज्योतीचे महत्त्व पटलेले नसेल, तर परळची सारी शिस्त त्या एका क्षणात वाया जाते.

उशिरा मिळालेला न्याय

हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले रोनाल्ड रॉस. हिवताप डासांमुळे पसरतो हे भारतातच सिद्ध करून १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळवलेले हे शास्त्रज्ञ. त्यांनी वृत्तपत्रांतून आणि नियतकालिकांतून या प्रकरणाचा पाठपुरावा केला. निष्काळजीपणाचा असा आरोप पुराव्याशिवाय राहू दिला तर लोकांचा लसीवरचाच विश्वास उडेल, अशी त्यांची भूमिका होती. १९०७ मध्ये जगातील नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या स्वाक्षऱ्यांचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये प्रसिद्ध झाले. परळचा दोष सिद्ध होत नाही, उलट बाटली मुल्कोवालला उघडतानाच दूषित झाल्याचे दिसते, असा त्याचा आशय होता. अखेर सरकारने हाफकिन यांना पुन्हा कामावर बोलावले.

न्याय मिळाला, पण पुरता नाही. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेही लस टोचण्याच्या प्रत्यक्ष कामापासून दूर. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तीत जाऊन लस दिली त्याला संशोधनाच्या टेबलापुरते ठेवण्यात आले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला गेले. लग्न केले नव्हते. उरलेले आयुष्य त्यांनी धर्मचिंतनात आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षण संस्थांना मदत करण्यात घालवले आणि आपली शिल्लक त्याच कामासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

मुंबईने मात्र चूक थोडीफार सुधारली. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले आणि ते त्यांच्या हयातीतच झाले. तोवर इथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आज हा शब्द वापरताना

शंभर वर्षांनंतर निर्जंतुक हा शब्द सुई, सलाईन, टाके, बँडेज यांच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. रुग्णालयातील हत्यारे कापडात गुंडाळून दाबाखालच्या वाफेत, साधारण १२१ अंश सेल्सिअसला ठरावीक वेळ ठेवली जातात. गठ्ठ्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे उष्णता तिथपर्यंत पोहोचली. उष्णता न सोसणाऱ्या प्लास्टिकच्या वस्तूंसाठी वायू किंवा गॅमा किरण वापरतात. आपल्याकडे ट्रॉम्बेला १९७४ पासून असे किरणांचे केंद्र सुरू झाले.

पण हा शब्द पाकीट फुटेपर्यंतच खरा असतो. फाटलेल्या, ओल्या झालेल्या किंवा मुदत संपलेल्या पाकिटातली वस्तू निर्जंतुक धरायची नसते. घरी एकदा उघडलेली कापसाची गुंडाळी पुढच्या जखमेसाठी फार तर स्वच्छ असते. उकळलेले पाणी पिण्यासाठी सुरक्षित असते, टोचण्यासाठी नाही. सॅनिटायझरने हातावरचे बरेच जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. जंतुनाशकात बुचकळलेले ब्लेड निर्जंतुक होत नाही. माती लागलेली जखम जंतुनाशकाने पुसली म्हणून भागत नाही. ती साबणाने आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी लागते आणि धनुर्वाताच्या लसीसाठी डॉक्टरकडे जावेच लागते.

मुल्कोवालच्या वेळी धनुर्वातावर लस नव्हती. आज ती आहे आणि गरोदर स्त्रियांना ती दिली जाते. पूर्वी नाळ कापायला विळा किंवा मिळेल ते पाते वापरले जाई, नाळेवर राख किंवा शेण लावले जाई आणि आठवडाभरात बाळ आकडी येऊन जाई. लस, स्वच्छ हात, नवे ब्लेड आणि निर्जंतुक दोरा यांनी हे मरण मागे हटवले. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मान्य केले.

कोणत्याही शस्त्रक्रियागृहात, मग ते शहाडजवळच्या छोट्या रुग्णालयातले असो वा परळच्या मोठ्या, चालू शस्त्रक्रियेत कधीतरी चिमटा हातातून निसटून फरशीवर पडतो. तो कोणी द्रावणात बुचकळून परत घेत नाही. परिचारिका तो पायाने बाजूला सारते आणि नवे पाकीट फोडून दुसरा देते. या साध्या सवयीमागे एकोणीस माणसांचे मरण आणि एका शास्त्रज्ञाची गेलेली वर्षे आहेत.